बोर, बोरी आणि बोराटी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शेताच्या बांधावर दोन गावठी बोरी आहेत, आज्जी लग्न होऊन या घरात आली तेव्हाही त्या फळं देत होत्या असं ती सांगायची. दिवाळी संपली की नातेवाईक, सोसायटीतल्या ताया, पहिल्यांदा बोरन्हाण करणाऱ्या मुली सगळ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवू.

बोर, बेर, बदर, जुजूब हे सगळं एकच का?

जवळपास. आपण मराठीत फळाला बोर आणि झाडाला बोरी किंवा बोर म्हणतो, हिंदीत बेर, संस्कृतात बदर किंवा बदरी. शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना. जुजूब म्हणून ऑनलाइन जी वाळलेली लाल सुरकुतलेली फळं मिळतात ती चिनी बोरं, झिझिफस जुजुबा, म्हणजे आपल्या बोरीची सख्खी चुलत बहीण म्हणा. चिनी झाड थंडी सोसतं, आपलं ऊन आणि दुष्काळ सोसतं. तुमच्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात उन्नाब नावाने जे मिळतं तेही हेच चिनी जातीचं फळ, युनानी जोशांद्यात, म्हणजे सर्दी-खोकल्याच्या काढ्यात, घालतात ते.

आपल्याकडे याच कुळातली आणखी झाडं आहेत. सह्याद्रीत मार्च ते मे महिन्यात पांढरी पांढरी तोरणं खाल्ली असतील तर तेही बोरीचंच भावंड, तोरणा किल्ल्याचं नाव या झाडावरून पडलं असं सांगतात. रानात घटबोर असते, तिचं फळ लाकडासारखं टणक, खाण्यात मजा नाही. आणि माळावर गुडघाभर झुडूप असतं, वाटाण्याएवढी बोरं येतात, ती जंगली बोर, शेळ्यांची आवडती.

चण्यामण्या, गावठी, अहमदाबादी, ॲपल बोर यात नेमका फरक काय?

चण्यामण्या म्हणजे अगदी बारीक, लालभडक, आंबटगोड, शाळेबाहेर मापाने मिळायची ती. गावठी म्हणजे कुणी न लावता उगवलेली, त्यामुळे प्रत्येक झाडाची चव वेगळी. आमच्याच दोन झाडांचं बघा ना, एकीची बोरं गाभुळली की मधासारखी लागतात आणि दुसरीची पिकल्यावर शेंबडी होतात, म्हणजे आतला गर बुळबुळीत, पण आज्जीला तीच आवडायची कारण दात नव्हते. अहमदाबादी म्हणून मुंबई-पुण्याच्या बाजारात लांबट मोठी बोरं येतात ती कलमी. उमराण, मेहरूण, कडाका, चमेली, गोला, सेब ही कलमी जातींची नावं, त्यातलं मेहरूण आपल्या जळगावचं, मेहरूण तलावाच्या भागावरून नाव पडलेलं. सोलापूर आणि नगरकडे उमराण भरपूर लावलं गेलं. ॲपल बोर थायलंडकडून आलेलं, हिरवं, मोठं, कुरकुरीत, पाणीदार. खायला वाईट नाही, पण बोराचा तो वास त्याला नसतो, आणि माझ्यासाठी अर्धं बोर त्या वासातच आहे. पिशवी उघडली की खोलीभर पसरतो तो.

झाड ओळखायचं कसं? फळ नसताना?

पान उलटं करून बघा. वरून गर्द हिरवं चकचकीत आणि खालून पांढरट, लव असलेलं, जणू कुणी पीठ लावलंय. देठापासून तीन शिरा निघून टोकाकडे जातात, त्या तीन शिरा दिसल्या की समजायचं. मग काटे बघा, जोडीने असतात आणि जोडीतला एक सरळ तर दुसरा आकडीसारखा मागे वळलेला. सरळ काटा टोचतो आणि वाकडा अडकवतो. म्हणून बोरीत हात घातल्यावर घाईने मागे ओढायचा नाही, आधी थोडा पुढे न्यायचा, आकडी सुटू द्यायची, मग बाहेर काढायचा. हे मला वडिलांनी सहा-सात वर्षांची असताना शिकवलं आणि आजही माझा हात आपोआप तसाच जातो.

तुळशीच्या लग्नाआधी बोर खाऊ नये म्हणतात, खरं का?

रीत आहे. बोर, चिंच, आवळा, ऊस तुळशीच्या लग्नात वृंदावनापाशी ठेवायचे आणि मगच तोंडात घालायचे. यामागे मला तरी साधं शहाणपण दिसतं, कार्तिकाच्या आधी बोरं कच्ची, तुरट असतात, घशाला लागतात, आणि पोरांना मोकळं सोडलं तर पिकायच्या आत झाड रिकामं होतं. देवाचं नाव घेतलं की झाडाला तेवढे पंधरा दिवस मिळतात. आमच्याकडे अजून पाळतो. बोरांचा खरा भर मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी.

संक्रांतीला बोरं लागतातच का?

सुगडात लागतातच. बोरं, उसाचे तुकडे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ, त्या दिवसांत शेतात जे जे तयार असतं ते सगळं त्या एवढ्याशा मडक्यात. काही घरांत भोगीच्या भाजीतही दोन-चार बोरं टाकतात, वांगी-पावटा-घाट्यांच्या त्या मिसळीत मधेच एखादं आंबटगोड बोर दाताखाली आलं की फार छान लागतं. एकदा टाकून बघा.

बोरन्हाण कधी आणि कसं करायचं? किती बोरं आणायची?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी, शक्यतो संध्याकाळी. बाळाची पहिली संक्रांत असते तेव्हा तर करतातच, पुढे पाच वर्षांपर्यंत कधीही चालतं. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, तीळगूळ-रेवड्या असं सगळं हलक्या हाताने ओतायचं. जमलेली पोरं ते लुटतात. अर्धं घर त्या लुटीसाठीच आलेलं असतं.

आता कळकळीच्या दोन गोष्टी. पहिली, बोरं लहान घ्या, चण्यामण्या किंवा गावठी. मागे एका घरी ॲपल बोरं आणली होती, एक बाळाच्या कपाळावर बसलं आणि ते लेकरू पुढचा अर्धा तास रडत होतं, सगळा कार्यक्रम फुकट गेला. मोठी बोरं ताटात शोभेला ठेवा, डोक्यावरून टाकू नका. दुसरी त्याहून महत्त्वाची. लहान मूल खाली पडलेलं बोर, शेंगदाणा, हरभरा उचलून सरळ तोंडात घालतं आणि आठळी घशात अडकू शकते, तेव्हा बाळाजवळ एक माणूस फक्त त्याच्या हातांवर लक्ष ठेवायला बसवा, फोटो काढणारा नाही, लक्ष ठेवणारा. कार्यक्रम झाला की लगेच केर काढा, सोफ्याखालून सुद्धा. पंधरा-वीस पाहुण्यांना एक किलो बोरं भरपूर होतात, बाकी चुरमुरे.

बोर खाल्लं की खोकला होतो?

कच्चं, तुरट, आंबट बोर पोटभर खाल्लं आणि वर गार पाणी प्यायलं तर घसा धरणारच. पिकलेलं बोर धुऊन, जेवण झाल्यावर आठ-दहा खाल्लं तर कुणाला काही होताना मी पाहिलेलं नाही. उलट बोरात क जीवनसत्त्व चांगलं असतं, संत्र्या-मोसंब्यासाठी जी तारीफ करतो तीच बोराला लागू आहे, फक्त बोर गरिबाचं म्हणून कुणी बोलत नाही. डायबेटिस असेल तर वाळलेली बोरं जपून, त्यात साखर घट्ट झालेली असते.

आयुर्वेदात बोराचं काय सांगितलंय?

चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे गट आहेत, त्यातल्या हृद्य गटात आंबा, डाळिंब, महाळुंग, करवंद यांच्या पंगतीत बोर बसवलंय. भावप्रकाशात बोराचे तीन प्रकार आहेत, मोठं गोड ते सौवीर, मधलं ते कोल आणि बारीक आंबट ते कर्कंधू. म्हणजे अहमदाबादी, गावठी आणि चण्यामण्या ही आपली वाटणी पार तेव्हापासूनची! आणि कोल हे नुसतं फळ नाही तर वजनाचं माप पण होतं, दोन कोल म्हणजे एक कर्ष. गुंजेवर सोनं तोललं जायचं तसं बोरावर औषध.

घरगुती उपाय म्हणाल तर पाल्याचा लेप, सालीचा काढा असं बरंच काय काय सांगतात. मी फळापुरतं बोलते, बाकी वैद्यांना दाखवल्याशिवाय करू नका, विशेषतः पोटात घ्यायचं काही असेल तर.

बोरकूट घरी कसं करायचं? माझं दरवेळी कचकच लागतं.

कचकच लागते कारण तुम्ही मिक्सर लावता! मिक्सरचं पातं आठळी फोडतं आणि तिचा चुरा गरात मिसळतो, मग तो चाळून पण निघत नाही.

आमच्याकडची पद्धत सांगते. पिकून लाल-तपकिरी झालेली गावठी बोरं घ्यायची, ॲपल बोराचं होत नाही, त्यात नुसतं पाणी. निवडून धुवायची, उकळत्या पाण्यातून एकदा काढायची म्हणजे आत अळी-अंडं असेल तर संपतं, आणि मग पातळ कापड टाकून गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, आठ-दहा दिवस तरी, रोज संध्याकाळी आत घ्यायची कारण दव पडलं की बुरशी धरते. साल सुरकुतून आठळीला चिकटते, मूठभर बोरं हलवली की खडखड वाजतात, ही खूण. मग उखळात किंवा मोठ्या खलबत्त्यात हलके हलके ठोकायची. ठेचायची नाहीत, नुसतं ठोकायचं. गर भुकटी होऊन सुटतो आणि आठळी अख्खी राहते. चाळणीतून चाळलं की वर आठळ्या आणि खाली बदामी रंगाची भुकटी. त्यात मीठ, पिठीसाखर किंवा किसलेला गूळ, थोडं लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोरड्या बरणीत उन्हाळाभर टिकतं. शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळायचं ना आणि आपण तळहातावर घेऊन चाटायचो, त्याहून हे चांगलं होतं कारण यात फक्त बोर आहे.

राहिलेल्या आठळ्या टाकू नका, पोरांना द्या, दगडाने फोडून आतली बी खातात, चारोळीसारखी लागते.

बोरात अळी निघाली, सगळी फेकून द्यायची का?

नाही, फोडून बघून खायची. ती बोराच्या फळमाशीची अळी, माशी फळावर अंडं घालते, अळी गर खाते आणि मग मातीत जाऊन कोष करते. म्हणून झाडाखाली पडलेली किडकी बोरं तशीच सोडली तर पुढच्या वर्षीची माशी तुम्हीच पाळताय असं समजा. गोळा करून खोल पुरा आणि उन्हाळ्यात बुडाभोवतीची माती उकरून उलटी करा, कोष उन्हाने मरतात. एवढ्यानेच खूप फरक पडतो.

फळ सोडून बोरीचा उपयोग काय? नुसता काटा तर आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून जरा सविस्तर.

तो काटाच तर कामाचा. वाळलेल्या काटेरी फांद्यांना आमच्याकडे बोराटी म्हणतात, तारेचं कंपाऊंड परवडत नव्हतं तेव्हा अख्ख्या शिवाराला कुंपण बोराटीचं असायचं. बेळक्याने, म्हणजे दोन फाट्याच्या काठीने, बोराटी उचलायची, एकीत एक गुंतवत दाबत जायची, आकडी काटे एकमेकांत अडकतात आणि न बांधता भिंत उभी राहते. गुरं घुसत नाहीत. मेंढपाळ वाड्याभोवती रात्री तीच लावतात. आणि बोरी-बाभळी हे जोडीने घ्यायचं नाव, "ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी" म्हणतात ना, एकमेकांची आतली गोष्ट माहीत असणाऱ्यांबद्दल, ती म्हण काय उगीच आली नाही, माळावर ही दोन झाडं एकमेकींच्या सोबतीनेच दिसतात.

पाला शेळ्यांचा जीव की प्राण. राजस्थानात तर माळावरच्या बारक्या बोरीचा पाला झोडून, वाळवून साठवतात आणि टंचाईत तोच चारा. लाकूड लालसर, जड, चिवट, त्यामुळे औताचे भाग, कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे, खुंट्या. जळण म्हणून तर फारच चांगलं, निखारा बराच वेळ राहतो. साल कातडं कमवायला वापरायचे.

मग लाख. बांगड्यांची, दागिन्यात भरायची लाख एक बारीक किडा फांदीवर करतो आणि त्याची भारतातली तीन मुख्य झाडं म्हणजे कुसुम, पळस आणि बोर. टसर रेशमाचा किडाही मुख्यतः ऐन-अर्जुनावर वाढवतात पण बोरीवरही तो जगतो. पावसाळा संपता संपता बोरीला हिरवट-पिवळी बारीक फुलं येतात, वास काही खास नाही, पण माश्या-मधमाश्यांची नुसती झुंबड असते. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं बारकं फुलपाखरू बोरीवर अंडी घालतं. पोपट, बुलबुल, कोल्हा, रानात अस्वल, सगळे बोरं खातात आणि बिया लांब लांब नेऊन टाकतात. आमच्या बांधावरची झाडं कुणी लावली असं विचाराल तर बहुतेक कोल्ह्याने.

बोरीच्या पानांनी केस धुतात म्हणे?

हो, पानं वाटून पाण्यात चोळली की थोडा फेस येतो. शाम्पूएवढा नाही. अरबस्तानात याच कुळातल्या सिद्र झाडाच्या पानांची पूड केसांना आणि अंगाला लावतात. मुसलमान घरांत मयताला शेवटची आंघोळ घालताना पाण्यात बोरीची पानं टाकतात, आमच्या गावात त्यासाठी कुणी आलं तर रात्री-अपरात्री पण पानं तोडून द्यायची, विचारायचं नाही, असं आज्जीचं सांगणं होतं. माणूस जन्मला की पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण आणि गेला की बोरीच्या पानाचं पाणी, एकाच बांधावरच्या झाडाकडून दोन्ही.

शबरीने उष्टी बोरं दिली ती गोष्ट रामायणात आहे ना?

वाल्मीकी रामायणात शबरी आहे, तिने रामासाठी रानातलं गोळा करून ठेवलेलं पण आहे, उष्ट्या बोरांचा प्रसंग मात्र त्यात नाही, तो नंतरच्या भक्तांनी आणि लोककथांनी दिलेला. पण गावठी बोर खाणाऱ्याला ती गोष्ट लगेच पटते कारण एकाच झाडाच्या दोन बोरांची चव सारखी नसते, चाखल्याशिवाय गोड कुठलं ते कळतच नाही. दुसऱ्याला चांगलं द्यायचं तर चाखूनच द्यावं लागतं. बद्रीनाथाच्या नावातली बदरी पण हीच, लक्ष्मीने बोरीचं झाड होऊन विष्णूवर सावली धरली अशी तिथली कथा.

गावांच्या नावात पण बोर असतं का?

बोरगाव, बोरखेडी, बोरी, कितीतरी. मुंबईचं बोरीवली बोरींवरूनच असं सगळे सांगतात. आता तिथे बोरं फक्त हातगाडीवर.

दारात बोर लावू नये, भांडणं होतात, भूत राहतं, खरं का?

काटा अंगणात नको एवढंच त्यातलं खरं. अनवाणी पोरं खेळतात तिथे बोरीचा काटा पडला की रोजचं रडगाणं. बांधावर, कुंपणाला, परसाच्या टोकाला लावा. भुताचं म्हणाल तर मी लहानपणापासून संध्याकाळी त्याच झाडाखाली बसते.

लावायची कशी? छाटणी करावी लागते का?

बोरीचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि ते दुखावलं की रोप रुसतं, म्हणून जिथे झाड हवं तिथेच आठळी टोकलेली बरी, किंवा उंच पिशवीत रोप करून सोटमूळ तळाला वळायच्या आत लावायचं. गावठी रोप तीन-चार महिन्यांचं, पेन्सिलीएवढं झालं की त्यावर हव्या जातीचा डोळा भरतात, म्हणजे त्या जातीच्या फांदीवरची कळी सालीसकट काढून रोपाच्या सालीत बसवतात. बागेत ६ बाय ६ मीटरवर लावलं तर हेक्टरी साधारण २७७ झाडं बसतात. पहिली दोन वर्षं पाणी द्या, मग ती आपलं आपण बघते. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा कोरडवाहू भागात बोरीच्या बागा वाढल्या त्या याच गुणामुळे.

छाटणी कलमी बागेत दरवर्षी करावीच लागते कारण बोर येतं ते त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. उन्हाळ्यात झाड पानं गाळून झोपतं, एप्रिलमध्ये मागच्या वर्षीच्या फांद्या चांगल्या कापून काढायच्या, कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची, पावसाबरोबर नवी फूट येते, तिच्या पानांच्या बेचक्यात फुलं आणि तिथेच बोरं. हिवाळ्यात फळांवर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, आली तर पाण्यात विरघळणारं गंधक वेळेवर फवारायचं.

कुंडीत येईल का?

जगेल, पण खूश नाही राहणार.

बांधावरची जुनी गावठी बोर काढून ॲपल बोर लावू का?

कृपा करून नको. जुनं झाड मुळासकट काढायची गरजच नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या एक-दोन मोठ्या फांद्या छाटा, पावसाळ्यात तिथे जोमदार फुटवे येतील, त्यातले चांगले ठेवून जून-जुलैत त्यावर हव्या जातीचा डोळा भरून घ्या. मूळ तेच जुनं, खोल गेलेलं, न पाणी घालता जगणारं, आणि एका बाजूला तुमची कलमी बोरं, दुसऱ्या बाजूला गावठी तशीच.

आमच्या तिसऱ्या बोरीचं असं करायचं राहून गेलं. रस्ता रुंद करताना ती मापाच्या बाहेर होती, आम्ही खूण पण करून दिली होती, तरी मशीनवाल्याने एका दुपारीत काढली आणि संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा नुसता खड्डा होता आणि आजूबाजूला हिरवी, अजून न पिकलेली बोरं पडलेली. सगळ्यात गोड ती होती, चुलत्यांच्या घरचे सुद्धा तिचीच न्यायला यायचे. तिचा डोळा कुणी कुठे भरून ठेवला नव्हता, म्हणजे ती चव आता कुठेच नाही, कारण गावठी बोरीची आठळी लावली तरी आईसारखंच फळ येईल याचा भरवसा नसतो. तुमच्या गावात सगळ्यांना माहीत असलेली एखादी गोड बोर असेल तर या पावसाळ्यातच तिचे डोळे दोन ठिकाणी भरून ठेवा.

आठळ्या कशा ठेवायच्या आणि कधी टोकायच्या?

पूर्ण पिकून आपोआप पडलेल्या बोरांच्या घ्या. गर चोळून धुवा, मिठाच्या घट्ट पाण्यात टाका, तरंगतील त्या पोचट, तळाला बसतील त्या ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, कापडी पिशवीत टांगा. लावायच्या आधी दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, किंवा हलक्या हाताने आठळी तडकवली तर लवकर उगवतं, फक्त आतली बी चेचू देऊ नका. पाऊस लागला की एका खड्ड्यात दोन-दोन, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, आणि वर बोराटीचा एक फाटा टाकून ठेवा, नाहीतर शेळ्या पहिल्या दोन पानांतच खाऊन टाकतात.